घरी बनवलेल्या विमानातून इंग्लंड ते जर्मनी : कागदपत्रं, व्हिसा आणि मधला समुद्र, कोणी गेलंय का?

केंटवासी

नमस्कार मंडळी, इथे बहुतेक वेळा नुसता वाचत असतो पण आता खरंच मदत पाहिजे म्हणून लिहितोय. आम्ही तिघांनी मिळून (मी आणि दोन रिटायर्ड इंग्रज काका, त्यातले एक आयुष्यभर प्रेस मशीनवर काम केलेले, त्यांच्यामुळेच पत्रा सरळ बसला) इथे केंटमध्ये एका शेतावरच्या शेडमध्ये आरव्ही-९ए बनवलं. अमेरिकेतल्या ओरेगनमधून किट येतं, पत्रे कापून भोकं पाडून येतात, रिव्हेट आपण मारायचे. दोन सीटचं आहे, १६० हॉर्सपॉवरचं कार्ब्युरेटरवालं लायकमिंग इंजिन, १४० नॉटने म्हणजे तासाला साधारण २६० किमीने आरामात जातं. इंग्लंडमध्ये भरपूर फिरवलंय, पण देशाची हद्द अजून ओलांडलेली नाही.

आता एप्रिलमध्ये जर्मनीत फ्रीडरिशहाफेनला छोट्या विमानांचं एरो प्रदर्शन असतं तिथे जायचं डोक्यात आहे. मी आणि बायको. नकाशावर बघितलं तर इंग्लिश चॅनल ओलांडून फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं ल तुके, तिथून पुढे साधारण ६५० किमी, म्हणजे उडण्याचा प्रश्नच नाही, पेट्रोल पण पुरतं (१३६ लिटर बसतं, तासाला तीसेक लिटर जातं). पण कागद बघायला घेतले आणि चक्कर यायची वेळ आली. आमच्या विमानाला रीतसर एअरवर्दीनेस सर्टिफिकेट नाही, एलएएच्या (घरी बनवलेल्या आणि हलक्या विमानांची इथली संघटना) तपासणीवर मिळालेलं परमिट टू फ्लाय आहे, आणि ते वाचलं तर ते फक्त युकेपुरतंच आहे असं वाटतं. मग फ्रान्स-जर्मनीत उतरू देतात का? प्रत्येक देशाला वेगळा अर्ज?

दुसरं म्हणजे आमचे दोघांचे पासपोर्ट भारतीय, शेंगेन व्हिसा काढावा लागणार. व्हिसा सेंटरवर चौकशीला गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणाली येण्या-जाण्याचं विमानाचं तिकीट जोडा. म्हटलं तिकीट नाही, विमान आहे. ती दोन मिनिटं माझ्याकडे नुसती बघत राहिली आणि मग म्हणाली ठीक आहे पण तिकीट जोडा.

आणि तिसरं, बायकोचा प्रश्न, समुद्रावर इंजिन बंद पडलं तर काय. मी थातूरमातूर उत्तर दिलं, तिला पटलं नाही. नीट उत्तर द्या कोणीतरी.

आडवा_वारा

केंटवासी, सगळ्यात आधी अभिनंदन, आरव्ही बनवून उडवणारा मराठी माणूस इथे पहिल्यांदाच बघतोय. मी मिडलंड्समध्ये असतो, माझा एका जुन्या लाकडी जोडेल विमानात हिस्सा आहे, तोही परमिटवरच उडतो आणि फ्रान्समध्ये वरचेवर जातो. एकेक घेतो.

परमिटचं तुला जे वाटतंय ते बरोबर आहे. कारखान्यातून आलेल्या सेस्नाचं सर्टिफिकेट आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे असतं म्हणून जगात कुठेही चालतं, आपलं परमिट त्या नियमात बसत नाही, त्यामुळे सीमा ओलांडली की आपण तिथल्या सरकारच्या मेहरबानीवर. पण युरोपपुरती ही अडचण १९८० सालीच बरीचशी सुटलीये. ईसीएसी म्हणून युरोपातल्या विमानवाहतूक खात्यांची परिषद आहे, त्यांनी तेव्हा ठराव केला की सभासद देशांनी एकमेकांची घरी बनवलेली विमानं वेगळी परवानगी न मागता येऊ द्यावीत. ब्रेक्झिटचा त्याच्याशी काही संबंध नाही कारण ती ईयूची संस्थाच नाही. आता ठराव म्हणजे शिफारस, कायदा नव्हे, प्रत्येक देशाने आपापल्या पद्धतीने लावलाय, कोणी किती दिवस राहता येईल त्याची मुदत घालतं, कोणी आधी अर्ज मागतं. फ्रान्स आणि जर्मनी त्यातल्या त्यात सोपे. एलएए देशवार माहिती ठेवते ती निघायच्या आठवड्यात परत वाच, आणि वाटेत हवामानामुळे बेल्जियम किंवा स्वित्झर्लंडमध्ये उतरावं लागलं तर काय, ते पण वाचून ठेव, कारण नेमकं तेच होतं. आणि परमिटवर ज्या अटी लिहिल्यात, दिवसाच उडायचं, ढगात शिरायचं नाही वगैरे, त्या तिकडेही तशाच लागू. विमानासोबत त्याही सीमा ओलांडतात.

मेडिकल कुठलं आहे तुझं? इकडे बरेच लोक स्वतःच डिक्लेरेशन भरून उडतात, डॉक्टरकडे जायची गरज नाही म्हणून, पण ते युकेबाहेर चालत नाही. डॉक्टरने तपासून दिलेलं क्लास टू लागेल. लायसन्स पण पूर्ण पीपीएल (प्रायव्हेट पायलट लायसन्स) पाहिजे, नॅशनल वालं किंवा एलएपीएल (फक्त हलक्या विमानांचं) चालणार नाही. आणि इन्शुरन्सवाल्याला फोन करून कुठल्या कुठल्या देशात कव्हर आहे ते लेखी घे.

आता समुद्र. वहिनींना आकडे सांग, थातूरमातूर नको. चॅनल इकडचं डोव्हर ते फ्रान्समधलं काप ग्री-ने टोक इथे सगळ्यात अरुंद, साधारण ३३ किमी. इंजिन बंद पडलं तर तुझं विमान उंचीच्या दहापट तरी तरंगत जाईल असं धरू. ५००० फूट म्हणजे दीड किमी, म्हणजे १५ किमी तरंगणार. दोन्ही किनाऱ्यांपासून १५-१५ सोडले की मध्ये जेमतेम तीन किमीचा पट्टा उरतो जिथून कुठलाच किनारा गाठता येत नाही, तुझ्या वेगाने तो मिनिटभराचा पण नाही. ६००० फुटांवर तो पट्टाच नाहीसा होतो, वारा नसेल तर. पण हेच ढग खाली आहेत म्हणून २५०० फुटांवरून गेलास तर तो पट्टा १८ किमीचा होतो आणि चार मिनिटांच्या वर तुम्ही दोघं फक्त इंजिनच्या भरवशावर. त्यामुळे नियम सोपा ठेव, ५००० मिळत नसेल तर निघायचंच नाही, केंटमधल्याच हेडकॉर्नच्या धावपट्टीवर कॉफी प्यायची आणि घरी यायचं. आणि डंजनेसवरून सरळ ल तुकेला तिरकं जायचा मोह होईल, ते ६० किमी पाणी आहे. डोव्हरवरूनच ओलांड आणि मग किनाऱ्याने बूलोन करत खाली ये, दहा मिनिटं जास्त लागतील. चुकून डावीकडे कॅलेच्या पुढे सरकू नकोस, तिथे ग्राव्हलीनचं अणुवीज केंद्र आहे, त्याच्यावरून उडायला बंदी, आणि फ्रेंच लोक ह्या बाबतीत अजिबात ऐकून घेत नाहीत.

लाइफजॅकेट अंगात घालूनच बसायचं, सीटमागे ठेवायचं नाही, कॅनॉपी (डोक्यावरचं काचेचं झाकण) उघडून पाण्यात गेल्यावर कोण शोधणार. राफ्ट भाड्याने मिळते. पीएलबी (आपण कुठे आहोत ते शोधपथकाला कळवणारं छोटं यंत्र) प्रत्येकाच्या जॅकेटला एक. एप्रिलमध्ये पाणी नऊ-दहा डिग्रीच असतं, पहिल्या दोन-तीन मिनिटांत त्या थंडीच्या धक्क्यानेच माणूस श्वास हरवतो, बुडणं नंतरची गोष्ट. आणि कार्ब्युरेटरवालं इंजिन आहे तर समुद्रावरच्या दमट हवेत आत बर्फ धरतो, पाणी सुरू व्हायच्या आधी कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा दांडा) पूर्ण ओढून बघ आणि मध्येही एकदा ओढ. इंजिन थोडं खोकलं की ते बर्फ वितळल्याचं, घाबरून परत ढकलू नकोस.

आणखी एक कोणी सांगत नाही ते. हवा धुरकट असली की मध्यावर क्षितिज दिसत नाही, खाली राखाडी पाणी वर राखाडी आकाश, दुधाच्या पातेल्यात बसल्यासारखं. कागदावर ते व्हीएफआर (बाहेर बघून उडणं) असतं पण तू प्रत्यक्षात इंस्ट्रुमेंटवरच उडत असतोस. त्या दिवशी पण कॉफीच.

केंटवासी

आडवा_वारा, प्रचंड धन्यवाद! पूर्ण पीपीएल आणि क्लास टू दोन्ही आहे. तुमचं ५००० आणि २५०० चं गणित बायकोला वाचून दाखवलं, म्हणाली हे असं सांगायचं ना आधी. आता तिने स्वतःच कागदावर वेगवेगळ्या उंचीचं टेबल बनवलंय आणि ७००० का नाही जायचं असं विचारतेय.

आडवा_वारा

वहिनींना पायलट करा. ७००० पण चालेल, वरची एअरस्पेस कुठे सुरू होते ते चार्टवर बघून आणि ढगांनी परवानगी दिली तर.

कागदांचं राहिलं होतं. जीएआर फॉर्म (कोण, कुठून कुठे उडतंय ते युके सरकारला कळवायचा) ऑनलाइन, जाताना पण आणि येताना पण, निघायच्या ४८ तासांच्या आत आणि कमीत कमी २ तास आधी. येतानाचा लोक विसरतात कारण तेव्हा आपण जर्मनीत बिअर पीत असतो (आदल्या रात्री, आदल्या रात्री). फ्लाइट प्लॅन वेगळा, तो तासभर आधी. फ्रान्समध्ये पहिलं लँडिंग कस्टम्स-इमिग्रेशन असलेल्याच विमानतळावर, ल तुके चालेल, पण त्यांना आदल्या दिवशी कळवावं लागतं, पोलीस तिथे सतत बसलेला नसतो. परततानाही तसंच, शेवटचं टेकऑफ अशाच ठिकाणाहून आणि इंग्लंडमध्ये पण थेट तुमच्या शेतावर उतरता येणार नाही, आधी लिड विमानतळ वगैरे कस्टम्सची सोय असलेलं ठिकाण गाठायचं.

श्टुटगार्टचा_मावळा

मी पायलट नाही, ग्लायडरचा नाद आहे आणि एरोला दरवर्षी जातो, त्यामुळे इकडची बाजू सांगतो.

व्हिसा आधी. अर्ज जर्मनीचा करा कारण मुख्य मुक्काम जर्मनीत, पहिलं पाऊल फ्रान्समध्ये पडतंय म्हणून फ्रान्सचा करू नका. आणि मल्टिपल एंट्रीच मागा, ह्यावर अडून बसा. कारण समजा तुम्ही ल तुकेला उतरलात, एंट्रीची नोंद झाली, पुढे हवामान बंद आणि तुम्ही शहाणपणाने केंटला परत गेलात, तर सिंगल एंट्री व्हिसा तिथेच संपला, दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तरी काही उपयोग नाही. मग मनात येतं की आता आलोच आहोत तर रेटू पुढे, आणि अपघात होतात ते अशाच विचाराने. तिकिटाच्या जागी विमानाचं रजिस्ट्रेशन, तुमचं लायसन्स, इन्शुरन्स, एका कागदावर रूट आणि तारखा, असं पत्र जोडा. खाजगी पायलटला क्रू म्हणून काही सूट मिळेल असं धरू नका.

आता रस्ता. ल तुके ते हाफेन (म्हणजे फ्रीडरिशहाफेन) सरळ रेघ मारलीत तर ती स्ट्रासबुर्गच्या जरा दक्षिणेकडून जाते, म्हणजे आधी व्होज डोंगर, मग ऱ्हाइनचं खोरं, मग ब्लॅक फॉरेस्ट. डोंगर काही हिमालय नाहीत, व्होजचा सगळ्यात उंच माथा १४२४ मीटर, ब्लॅक फॉरेस्टचा १४९३, पण एप्रिलमध्ये पश्चिमेचा वारा असला की दोन्हींवर ढग बसलेले असतात. गंमत अशी की व्होजवर एखादी फट सापडते, माणूस खुश होऊन खोऱ्यात उतरतो, समोर ब्लॅक फॉरेस्ट बंद, मागे वळून बघावं तर आलेली फट पण बंद. तेव्हा स्ट्रासबुर्ग किंवा कोलमारला मुकाट उतरायचं आणि हॉटेल शोधायचं. कोलमारला अडकणं ही शिक्षा नाही, वहिनींना आवडेल.

ब्लॅक फॉरेस्ट ओलांडला की रेडिओवर तुम्हाला झ्युरिक भेटेल, जर्मनीच्या ह्या दक्षिण कोपऱ्यातलं आकाश स्विस लोक सांभाळतात. २००२ साली युबरलिंगेनवर दोन मोठी विमानं आदळली आणि ७१ माणसं गेली ती ह्याच भागात. इंग्लिश चांगलं बोलतात, फक्त एरोच्या आठवड्यात रेडिओचा चॅनल भयंकर गजबजलेला असतो, बोलायला जागा मिळत नाही. फ्रान्समध्ये मात्र लहान धावपट्ट्यांच्या चार्टवर फक्त फ्रेंच असं लिहिलेलं असतं, तिथे इंग्लिशमध्ये बोलून उतरायचं नाही.

प्रदर्शनाच्या दिवसांत हाफेनला उतरायला स्लॉट (ठरवून घेतलेली वेळ) लागतो, लवकर घ्या. नाही मिळाला तर लॉयटकिर्श किंवा बीबराखला उतरून पुढे गाडीने, फ्रान्समधून येताय म्हणजे शेंगेनच्या आतच आहात, कस्टम्सची भानगड नाही. विमानतळाला लागूनच डॉर्नियरचं म्युझियम आहे आणि गावात झेपेलिनचं, पहिलं झेपेलिन १९०० साली गावाला लागून असलेल्या बोडन तळ्यावरूनच उडालं होतं.

सदाशिवपेठी

सगळं वाचलं. एक भाबडा प्रश्न, राग मानू नये. इतकी उस्तवार करून, राफ्ट भाड्याने घेऊन, दोन डोंगरांच्या मध्ये अडकायची तयारी ठेवून जे साध्य होणार ते लंडनहून झ्युरिकच्या स्वस्त तिकिटात होत नाही का? हौसेला मोल नसतं हे मान्य, पण सोबत बायकोला कशाला?

गच्चीवरचे_पंख

सदाशिवपेठी, वहिनींनी स्वतः टेबल बनवलंय हो, वाचलं नाहीत का नीट.

बाकी हौसेवरून आठवलं. आपल्या अमोल यादवांनी कांदिवलीला चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बनवलं, २०१६ ला बीकेसीच्या मेक इन इंडियात ठेवलं होतं, मी लोकलने जाऊन बघून आलो. आमच्या सोसायटीत गच्चीवर तुळस ठेवली तरी सेक्रेटरी नोटीस लावतो. विमान तयार होतं पण नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं. म्हणजे तिकडे केंटवासी विचारतोय फ्रान्समध्ये उतरू देतील का, आणि इकडे गच्चीवरून खाली उतरवल्यावर पुढचा प्रश्न होता की ह्याला विमान म्हणायचं का. तिकडे एलएएसारखी संस्था आहे, तिचे इन्स्पेक्टर बनवताना टप्प्याटप्प्याने येऊन सही करतात, म्हणून शेडमधल्या विमानाला कागद मिळतो आणि १९८० पासून शेजारी देश तो कागद मानतात. आपल्याकडे हा मधला जिनाच नाहीये.

आणि सदाशिवपेठी, छोट्या विमानाने लांब जाणं म्हणजे फक्त साहेबांचं वेड असं नाही, बोरिवलीच्या आरोही पंडितने मे २०१९ मध्ये एकटीने अटलांटिक ओलांडला, स्कॉटलंडमधून आइसलंड, ग्रीनलंड करत कॅनडात. ते विमान कारखान्यातलं होतं पण वजनाने केंटवासीच्या विमानापेक्षा हलकं. आणि २०२२ मध्ये एसेक्समधल्या एका केरळी इंजिनियरची बातमी सगळ्या पेपरात होती, लॉकडाउनमध्ये चार सीटचं स्लिंग किट जोडलं आणि घरच्यांना घेऊन जर्मनी, ऑस्ट्रिया, चेक फिरून आला. तुझ्याच वाटेने गेला असणार, केंटवासी.

सदाशिवपेठी

बरं. गप्प बसतो. तुळशीचं मात्र खरं आहे.

टेक्सासकाका

इकडे अमेरिकेत माझं आरव्ही-७ आहे, आमचं प्रकरण थोडं वेगळं पण दुखणं तेच. एक्स्पेरिमेंटल सर्टिफिकेट सीमेपर्यंतच. कॅनडाने सोय केलीये, एक छापील मान्यतापत्र त्यांच्या साईटवर आहे, ते प्रिंट करायचं आणि विमानात ठेवायचं, पैसे नाहीत अर्ज नाही. पण आमच्याच अमेरिकन सरकारचे सोपस्कार जास्त, कस्टम्सचा वार्षिक स्टिकर, निघायच्या तासभर आधी प्रवाशांची यादी ऑनलाइन, रेडिओचं वेगळं लायसन्स जे देशात लागतच नाही. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे आमच्या विमानांवर नंबर तीन इंच उंचीचे चालतात, पण सीमेवरच्या संरक्षण पट्ट्यातून जायचं तर बारा इंचांचे पाहिजेत. मग लोक टेपने चिकटवतात. इतकं देखणं रंगवलेलं विमान आणि बाजूला निळ्या टेपचे हे मोठे आकडे.

परवानगीवरून जॉन जोहान्सनची गोष्ट सांगतो, ऑस्ट्रेलियाचा, स्वतः बनवलेल्या आरव्ही-४ मधून पृथ्वीप्रदक्षिणा केलेला माणूस. डिसेंबर २००३ मध्ये न्यूझीलंडहून निघून एकटा दक्षिण ध्रुवावरून गेला, पुढे दक्षिण अमेरिका गाठायची होती, पण वारा समोरून आला, पेट्रोल पुरेना, वळून अंटार्क्टिकातल्याच मॅकमर्डोला उतरला. तिथल्या अमेरिकन आणि न्यूझीलंडच्या तळांनी जेवण दिलं, झोपायला जागा दिली, पेट्रोल द्यायला साफ नकार. म्हणे असल्या खाजगी फेऱ्यांना आम्ही उत्तेजन देत नाही. शेवटी पॉली व्हाचर नावाच्या ब्रिटिश बाईंनी स्वतःच्या प्रवासासाठी तिथे आधीच साठवून ठेवलेलं पेट्रोल त्याला दिलं, तेव्हा तो परत आला. मला तळवाल्यांचं म्हणणं पूर्ण चूक वाटत नाही, आणि तरी विमान मी जोहान्सनचंच पुसून देईन.

केंटवासी, एक कामाचं. सोबत मेन व्हीलची एक ट्यूब, दोन स्पार्क प्लग, थोडी सेफ्टी वायर आणि ते काढायला लागणारं नेमकं हत्यार ठेव. ५.०० x ५ ची ट्यूब रविवारी फ्रान्सच्या खेड्यात मिळणार नाही. आणि वजन मोजून घे, राफ्ट आणि बॅगा सगळ्या सीटच्या मागे जातात, पेट्रोल जसं संपतं तसं बॅलन्स आणखी मागे सरकतो, त्यामुळे टेकऑफचं नाही, लँडिंगच्या वेळचं गणित कर.

केंटवासी

काका, लँडिंगचं गणित केलं. दोघं, राफ्ट, हत्यारं आणि तळाला दहा-पंधरा लिटर पेट्रोल धरून मागच्या मर्यादेच्या आत आहे पण अगदी टेकून. म्हणजे एक बॅग कमी. कोणाची ती चर्चा घरी चालू आहे.

मावळा, व्हिसाची अपॉइंटमेंट जर्मनीचीच घेतली, मल्टिपल एंट्रीसाठी तुम्ही लिहिलंय तसंच हवामानाचं कारण देऊन पत्र लिहिलंय. स्लॉट उघडले की लगेच घेतो.

एक शेवटचा प्रश्न, हसू नका. ल तुके ते हाफेन अडीच तास, समोरून वारा असेल तर तीन. विमानात बाथरूम नाही. मध्ये कुठे थांबावं?

आडवा_वारा

रेंस शहराजवळचं प्रुने विमानतळ. थोडं वाकडं पडतं, पण जवळपास पहिल्या तासाभरातच येतं. पेट्रोल पण तिथेच भर, म्हणजे व्होजपर्यंत टाकी भरलेली राहील आणि परत फिरायची वेळ आली तर मन घट्ट करावं लागणार नाही. आणि टॉवर नसेल तिथे फ्लाइट प्लॅन स्वतः फोन करून बंद करायचा, नाहीतर इकडे तुम्ही रांगेत आणि तिकडे शोधपथक तयारीत.

केंटवासी

प्रुने पक्कं. बायको म्हणतेय तिथे शॅम्पेन मिळते, बॅगेचं वजन परत मोजायला लागणार.